जादूगाराच्या नाटकाआधी त्याच्या पेट्या मोजा

तुम्ही १९१० च्या सुमारास युरोप-अमेरिकेत फिरणाऱ्या एका जादूगारावर दोन अंकी नाटक लिहिताय. सिनेमातला जादूगार, म्हणजे काळा कोट, हॉटेलातल्या मेजवान्या, प्रतिस्पर्ध्याशी हाडवैर आणि सहायिकेशी प्रेम, एवढ्यावर तुमचं समाधान होत नाही. त्याचा दिवस कसा जायचा, रोज तेच तेच करून तो कंटाळायचा नाही का, पैसा खरंच मिळायचा का आणि गुपितं कशी टिकायची, असे चार प्रश्न तुम्ही विचारलेत.

मी ताफा घेऊन जिल्ह्याची नाट्यगृहं, तालुक्याचे हॉल आणि शाळांची मैदानं फिरलेला माणूस आहे. आता वय झालं, दुसऱ्या जादूगारांसाठी साहित्य बनवतो. त्या पिढीतल्या जादूगारांबद्दल हाती लागेल ते वाचत आलोय. माझ्या मते तुमच्या चारही प्रश्नांच्या मुळाशी एकच अडचण आहे: जादूगाराकडे कार्यक्रम एकच असतो, आणि तो एका गावाला एकदाच विकता येतो.

आपल्या संगीत नाटक मंडळ्यांशी ताडून पाहा. १८८० मध्ये सुरू झालेली किर्लोस्कर मंडळी घ्या किंवा १९१३ ची गंधर्व मंडळी. एका गावात मुक्काम ठोकायचा, आज हे नाटक, शनिवारी ते. रसिक तेच पद दहाव्यांदा ऐकायला येणार आणि वर ‘वन्स मोअर’ मागणार. ओळखीनं गाण्याची गोडी वाढते. जादूत वन्स मोअर नसतो. एखादा पालक दुपारचा खेळ बघून संध्याकाळी पुन्हा आला, की मला स्टेजवरूनच कळायचं. पहिल्या खेळाला तो माझ्या चेहऱ्याकडे बघत असायचा, दुसऱ्याला माझ्या डाव्या हाताकडे.

म्हणून गाव बदलायचं. गाव बदलायचं तर सामान हलवायचं, सामान हलवायचं तर माणसं बाळगायची, माणसं बाळगली की गुपित चार तोंडांत गेलं, आणि एवढा बारदाना पोसायचा तर रोज गल्ला भरला पाहिजे. तुमचा नायक या साखळीत अडकलेला आहे. त्याला प्रतिस्पर्धी नसला तरी नाटक चालेल. पेट्या नसल्या तर चालणार नाही.

आता, कुठल्या जादूगाराबद्दल बोलतोय यावर बरंच अवलंबून आहे. त्या काळात ढोबळ तीन पायऱ्या होत्या आणि तिन्हींची आयुष्यं वेगळी होती.

सगळ्यात खाली अमेरिकेतली ‘डाइम म्युझियम’. दहा सेंटांत विचित्र प्राणी, विचित्र माणसं आणि मध्येमध्ये जादू. बेड्या आणि पेट्यांतून सुटण्याच्या खेळांनी पुढे जगभर गाजलेला हूडिनी १८९० च्या दशकात इथेच घासला गेला. दिवसाला वीस वीस वेळा तोच खेळ करावा लागे. या पायरीवर प्रवास कमी, दमणूक जास्त.

मधली पायरी अमेरिकेतल्या व्हॉडव्हिलची आणि इंग्लंडमधल्या म्युझिक हॉलची. इथे संध्याकाळ जादूगाराच्या मालकीची नसते. गाणारी बाई, कसरती, विनोदवीर, शिकवलेले कुत्रे आणि त्यांच्यात पंधरा-वीस मिनिटं जादूगार. पगार आठवड्याचा. कामं एजंटामार्फत, त्याची दलाली वेगळी. थिएटरांच्या साखळ्या असत: अमेरिकेत कीथ आणि ऑर्फियम, इंग्लंडमध्ये मॉस आणि स्टोल. साखळीत शिरलात की वर्षभराची गावं एकदम मिळत. १८९९ मध्ये ऑर्फियमच्या मार्टिन बेकनं हूडिनीला उचललं तिथून त्याचं नशीब पालटलं. मात्र करारात अटी असत. अमुक महिने अमुक मैलांच्या आत दुसऱ्या कुणाच्या थिएटरात पाय ठेवायचा नाही. एका रात्रीत दोन खेळ, आणि मालकाच्या मनात आलं की दुपारचा आणखी एक, फुकट. याच वैतागातून १९०७ च्या जानेवारीत लंडनच्या म्युझिक हॉल कलावंतांनी संप केला होता. तुमचा नायक इंग्लंडमध्ये असेल तर तो या संपात कुठे उभा होता हे ठरवा. तुम्हाला आख्खा प्रवेश मिळेल.

तिसरी पायरी स्वतःच्या पूर्ण संध्याकाळच्या कार्यक्रमाची. अमेरिकेत हॅरी केलर, त्याच्यानंतर हॉवर्ड थर्स्टन, आणि जगभर भटकणारा चार्ल्स कार्टर. इथे पोस्टरवर नाव तुमचं, नफा तुमचा आणि खड्डाही तुमचाच. तुमच्या वर्णनावरून तुम्हाला हा तिसरा माणूस हवाय.

कंटाळ्याचा प्रश्न इथेच संपवतो. कंटाळा प्रेक्षक करतात, आम्ही नाही. तीच पंधरा मिनिटं वर्षभर केल्यावर कुठल्या शब्दाला लोक मान वर करतात, कुठे खोकतात हे कळायला लागतं. त्या खोकल्याच्या जागा एकेक करून काढत बसणं हीच आमची मजा. शिवाय मधल्या पायरीवर पुन्हा त्याच गावी यायला बराच काळ जाई, तोवर लोक विसरलेले असत. एकच खेळ कित्येक वर्षं पोट भरू शके.

मग थर्स्टनसारखा माणूस या सुखातून बाहेर का पडला? त्यानं नाव काढलं ते पत्त्यांवर. हातामागे पत्ते दडवणं, प्रेक्षकानं मनात धरलेला पत्ता हवेत वर चढवणं. १९०० मध्ये लंडनच्या पॅलेस थिएटरात तो यावरच गाजला. सामान किती, तर पत्त्यांचे जोड आणि चार कपडे. पण पत्त्याला दोन शाप आहेत. एक म्हणजे वरच्या गॅलरीतल्या स्वस्त तिकिटाला तो दिसत नाही. दुसरा म्हणजे कुणीही हुशार पोरगा पहिल्या रांगेत आठवडाभर बसला तर निम्मं उचलतो. तरंगणारी बाई अशी उचलता येत नाही. तिला यंत्र लागतं, यंत्राला कारागीर आणि कारागिराला भांडवल. वजन हेच नकलेपासूनचं संरक्षण होतं. जो जितका मोठा, त्याच्या पेट्या तितक्या जड. १६ मे १९०८ रोजी बाल्टिमोरच्या फोर्ड्‌स थिएटरात केलरनं आपली गादी थर्स्टनला जाहीरपणे सोपवली तेव्हा त्याबरोबर यंत्रसामग्रीही आलीच, आणि पुढे थर्स्टनच्या कार्यक्रमाला रेल्वेचे कित्येक डबे लागू लागले.

आता दिवस. यावर जरा सविस्तर लिहितो, कारण नाटकात हेच कुणी दाखवत नाही.

दिवस सुरू होतो जादूगार गावात येण्याच्या आधीच. त्याचा पुढे धाडलेला माणूस येऊन जातो. थिएटर मालकाशी टक्केवारी पक्की करणं, वर्तमानपत्रात मजकूर देणं आणि भिंती रंगीत करणं ही त्याची कामं. ती पोस्टरं म्हणजे त्या धंद्याचा अर्धा जीव. सिनसिनाटीचा स्ट्रोब्रिज नावाचा शिळाछापखाना त्यात अव्वल. जादूगाराच्या खांद्यावर बसून कानात कुजबुजणारे लाल सैतान केलरच्या पोस्टरांवर होते आणि नंतर सगळ्यांनी ते घेतले. पोस्टर एकदाच ढिगानं छापायचं आणि गाव, तारीख, थिएटर यांची पट्टी नंतर चिकटवायची. तुमच्या नायकाला स्वतःचा चेहरा भिंतीभर दिसतो आणि त्याखाली रोज वेगळी तारीख, हे रंगमंचावर छान दिसेल.

मग गाडी. अमेरिकेत मंडळीनं ठरावीक संख्येनं तिकिटं काढली की रेल्वे सामानाचा डबा देई. त्यामुळे मालक माणसांचा हिशेब तिकिटांच्या आकड्याशी जुळवत. इंग्लंडमध्ये सोमवारी खेळ सुरू आणि शनिवारी रात्री संपला, म्हणून सगळी नाटकवाली दुनिया रविवारी प्रवासात. क्रू नावाच्या जंक्शनवर रविवारी देशभरच्या मंडळ्या एकमेकींना भेटत. कुठल्या गावची घरमालकीण चांगलं जेवायला घालते, कुठला मॅनेजर पैसे बुडवतो, सगळी देवाणघेवाण फलाटावर चाले. दोन जादूगारांना आमनेसामने आणायचं असेल तर क्लबात किंवा द्वंद्वयुद्धात आणू नका, क्रूच्या फलाटावर आणा. दोघांचं लक्ष एकमेकांच्या पेट्यांवर असेल.

थिएटरात पोचल्यावर पेट्या उतरवायच्या. पेटी भरण्याचं शास्त्र आहे. जे आधी उभं करायचं ते गाडीत शेवटी चढवायचं. पेटीवर आतल्या वस्तूचं नाव लिहायचं नाही, खूण लिहायची. आम्ही रंगांचे पट्टे मारायचो. पुष्कळदा पेटीच उलटी करून टेबल, टेबलावर झालर. रिकामी पेटी स्टेजवर वाहून नेणं म्हणजे भाडं फुकट घालवणं.

पहिलं काम जमीन बघणं. तिथली फळी कशी आहे, फटी किती, खाली जायचं दार कुठे, ते उघडतं का. जुन्या इंग्रजी थिएटरांत रंगमंच प्रेक्षकांकडे उतरता असे. नाचणाऱ्या मुलींना ते बरं, पण चाकांवरचं कपाट त्यावर उभं केलं की आपोआप वाद्यवृंदाच्या दिशेनं निघतं. म्हणून प्रत्येक गावासाठी पाचरी वेगळ्या. दुसरं काम म्हणजे सगळ्यात वाईट खुर्ची शोधणं. मी प्रत्येक हॉलमध्ये गेल्या गेल्या पहिल्या रांगेच्या अगदी टोकाला आणि बाल्कनीच्या कोपऱ्यात बसून बघायचो. कारण गुपित कडेनं आणि वरून फुटतं, समोरून क्वचित. त्या काळी तर थिएटरांना तीन-चार मजल्यांच्या गॅलऱ्या, शिवाय रंगमंचाला लागून श्रीमंतांचे बॉक्स. त्या बॉक्समधून विंगेतलं सगळं दिसायचं. असा एक बॉक्स त्या रात्री विकू नका म्हणून मालकाशी होणारं भांडण कल्पनेनं लिहायला हरकत नाही. ते मी आमच्याकडे बाजूच्या खुर्च्यांवरून पुष्कळदा केलंय.

तिसरं, प्रकाश. मोठ्या शहरांत वीज आलेली, लहान गावांत गॅसचे दिवे किंवा अपुरी वीज. प्रकाश जास्त झाला तर दिसू नये ते दिसतं, कमी झाला तर लोक म्हणतात अंधारात काय कुणीही करेल. चौथं, वाद्यवृंद. तो स्थानिक. जादूगार फक्त संगीताचे कागद घेऊन फिरे आणि दुपारी एकदा तालीम. ढोलवाल्यानं ठोका एक मात्रा उशिरा दिला की यंत्राचा खटका ऐकू गेलाच म्हणून समजा. हे कुणी लिहीत नाही, पण संगीत बऱ्याचदा आवाज झाकायला असतं.

मध्येच जनावरं. ससे, बदकं, कबुतरं, काहींकडे सिंहसुद्धा. त्यांना खायला काही लागतंच, त्यांची घाण काढावी लागतेच आणि थंडीत ती मरतात. टोपीतून ससा काढणं हे एका सेकंदाचं काम. उरलेला दिवस सशाचा. तुमचा नायक सकाळी कोबीची पानं विकत घेताना दाखवलात तर जाणकार माणूस खूश होईल.

संध्याकाळी दोन-अडीच तास तो देखणा दिसतो. पडदा पडला की उलटं चक्र. शेवटचा प्रयोग असेल तर त्याच रात्री मोडतोड, बांधाबांध, गाडी. म्हणजे पूर्ण कार्यक्रमाच्या जादूगाराच्या दिवसात जादूचा वाटा फार थोडा. बाकीचा वेळ तो हमालांवर ओरडणारा, पावत्या तपासणारा आणि मुकादमासारखा डोक्यात याद्या घोळवणारा मालक असतो. आजारी पडायची सोय नाही, कारण खेळ रद्द म्हणजे सगळ्यांचा खर्च अंगावर. हूडिनीनं ऑक्टोबर १९२६ मध्ये आधी घोटा मोडून घेतला, मग पोटात दुखत असताना, अंगात सणसणीत ताप असताना डेट्रॉइटला खेळ केला आणि त्यानंतर हॉस्पिटलात गेला. ३१ तारखेला वारला. लोक त्याला हट्ट म्हणतात. मला त्यात तिकिटं विकली गेलेला हॉल दिसतो.

गुपितांचं आता. मदतनिसांकडून लेखी हमी घेत, मोडल्यास दंड अशा अटी घालत. कागदाचा उपयोग तेवढाच. खरी राखण म्हणजे प्रत्येकाला फक्त आपल्यापुरतं माहीत असणं. दोरीवाल्याला दोरी माहीत, कपाटवाल्याला कपाट. सगळं माहीत असलेली माणसं दोन: जादूगार आणि बहुधा त्याची बायको. तरी गळती व्हायचीच. लंडनचं मॅस्कलिन हे जादूगारांचं घराणं इजिप्शियन हॉल या थिएटरात माणूस तरंगवत असे. तिथे काम केलेला पॉल व्हॅलाडन अमेरिकेत केलरकडे गेला आणि १९०४ मध्ये केलरच्या कार्यक्रमात ‘प्रिन्सेस कर्नाक’ तरंगू लागली. यावर आमच्या धंद्यात आजही दोन तट पडतात. माझं मत विचाराल तर चोरी ती चोरीच, पण केलरनं ती मूळ मालापेक्षा सरस करून दाखवली.

गुपित कायद्यानं राखता येतं का, असंही तुमच्या मनात असेल. पेटंट घ्यायचं तर कृती लिहून द्यावी लागते आणि लिहून दिली की ती उघड. होरेस गोल्डिन या जादूगारानं बाई कापण्याच्या खेळाचं पेटंट १९२३ मध्ये घेतलं. पुढे एका सिगरेट कंपनीनं जाहिरातीत ती युक्ती फोडली, गोल्डिन कोर्टात गेला आणि हरला.

गुपित राखण्याची किंमत बघायची असेल तर ‘द ग्रेट लाफायेत’ बघा. खरं नाव झिगमुंड नॉयबुर्गर, जन्म म्युनिकचा. त्या काळातल्या सर्वांत जास्त कमावणाऱ्यांपैकी एक. ९ मे १९११, एडिनबरोचं एम्पायर पॅलेस थिएटर. खेळात खरा सिंह, खरा घोडा, झिरमिळ्या पडदे आणि दिवे. एका दिव्यानं सजावटीनं पेट घेतला. अग्निरोधक पडदा खाली आला, वाद्यवृंदानं राष्ट्रगीत वाजवलं आणि सुमारे ३००० प्रेक्षक सुखरूप बाहेर पडले. रंगमंचामागची माणसं मात्र अडकली, कारण कुणी आत डोकावू नये म्हणून त्यानं तिथलं दार बंद ठेवलं होतं. लाफायेतसह दहा-अकरा जण गेले. त्याच्या पोशाखातलं एक प्रेत सापडलं आणि तोच म्हणून अंत्यविधीची तयारीही सुरू झाली. मग ढिगाऱ्यात दुसरं सापडलं, हातातल्या अंगठ्यांवरून ओळख पटली. पहिला त्याचा तोतया होता, खेळात मालक एकाच वेळी दोन ठिकाणी दिसावा म्हणून ठेवलेला. असा तोतया तुमच्या नाटकात हवाच असं मी म्हणणार नाही, पण बंद दार हवं. प्रत्येक फिरत्या जादूगाराकडे एक बंद दार असायचं आणि आग लागली तर काय, हा विचार १९०३ च्या शिकागोतल्या इरोक्वॉय थिएटरच्या आगीनंतर कुणाच्याच डोक्यातून गेला नव्हता. तिथे ६०० च्या वर माणसं मेली होती.

दुसरं उदाहरण चंग लिंग सू. चिनी पोशाख, चिनी वेणी, रंगमंचावर इंग्रजीचा शब्द नाही, वार्ताहरांशी बोलायला दुभाषा. मूळ माणूस न्यूयॉर्कचा विल्यम रॉबिन्सन, केलर आणि अलेक्झांडर हेरमान या जादूगारांकडे पडद्यामागे काम केलेला. चिंग लिंग फू नावाचा खरा चिनी जादूगार अमेरिकेत गाजत होता, त्याची ही नक्कल. आणि कडी म्हणजे इंग्लंडमध्ये नकलाकारच जास्त स्थिरावला. विचार करा, गाडीत, घरमालकिणीच्या जेवणाच्या टेबलावर, हॉटेलच्या जिन्यावर वर्षानुवर्षं दुसऱ्याचा चेहरा सांभाळायचा. २३ मार्च १९१८ ला वूड ग्रीन एम्पायरमध्ये बंदुकीची गोळी बशीत झेलण्याचा खेळ चालू होता. बंदुकीत वर्षांच्या वापरानं झीज झाली होती, जी दारू पेटायला नको ती पेटली आणि खरी गोळी सुटली. पडदा पाडा, असं तो इंग्रजीत म्हणाला. दुसऱ्या दिवशी गेला. चौकशीत अपघात ठरला. मी स्वतः हत्यारांचे खेळ कधी केले नाहीत, त्याचं कारण असल्या हकिगती. फिरतीवर देखभालीला वेळ काढावा लागतो आणि तोच सगळ्यात आधी कापला जातो.

बायकांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी लिहितो, कारण इथेच बहुतेक लेखक घसरतात. पेटीत शिरणारी बाई शोभेची नसते. बहुतेक खेळांत खरी कसरत तीच करत असते, अंधारात, वेडंवाकडं अंग मुडपून आणि मोजून. बाहेर जादूगार हातवारे करत असतो. शिवाय कपडे शिवणं, पगार वाटणं, नव्या मुलींना तयार करणं तिच्याकडे. रॉबिन्सनची डॉट, हूडिनीची बेस या अशाच. आणि अ‍ॅडलेड हेरमान तर स्वतंत्र नाटकाचा विषय आहे. नवरा अलेक्झांडर १७ डिसेंबर १८९६ ला आपल्या खासगी रेल्वेडब्यात, प्रवासातच वारला. अ‍ॅडलेडनं सुमारे महिन्यानं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये गोळी झेलण्याचा खेळ करून दाखवला आणि पुढे तीसेक वर्षं स्वतःच्या नावावर धंदा चालवला. १९२६ मध्ये गोदामाला आग लागून तिचं साहित्य आणि जनावरं जळाली, तरी बाई उभी राहिली.

पैशाचं थोडक्यात. मधल्या पायरीवर यशस्वी माणूस पगारदार, त्यामुळे सुखी. तिसऱ्या पायरीवर रोजचा गल्ला प्रचंड आणि रोजचा खर्चही. अमेरिकेत उन्हाळ्यात थिएटरं तापत, मोसम साधारण सप्टेंबर ते मे. बाकीचे महिने उत्पन्न शून्य आणि नवी यंत्रं बांधायचा खर्च मात्र त्याच महिन्यांत. केलर वेळेत थांबला आणि लॉस एंजेलिसला सुखानं राहिला. थर्स्टननं पुष्कळ कमावलं आणि पुष्कळसं नसत्या गुंतवणुकींत घालवलं. तुमचा नायक श्रीमंत आहे का, याचं उत्तर महिन्यावर ठेवा. मार्चमध्ये आहे, ऑगस्टमध्ये नाही.

काही काळाच्या चुका टाळा. १९१० च्या नाटकात बाई करवतीनं कापू नका. तो खेळ सेल्बिट या इंग्रज जादूगारानं १७ जानेवारी १९२१ ला लंडनच्या फिन्सबरी पार्क एम्पायरमध्ये पहिल्यांदा केला. पाण्यानं भरलेल्या पेटीतून सुटण्याचा हूडिनीचा खेळ १९१२ चा. दुधाच्या मोठ्या कॅनमधून त्याचं सुटणं चालेल, ते १९०८ चं. हत्ती गायब करणं १९१८ चं.

आणि दोर? तुम्ही मसुद्यात नायकाला भारतात ‘रोप ट्रिक’, म्हणजे हवेत उभ्या राहिलेल्या दोरावर पोरगं चढवण्याची जादू, शिकायला पाठवलंय. लोभ समजतो. ती कथा जगभर पसरली ती शिकागोच्या एका वर्तमानपत्रातल्या १८९० च्या बातमीनं. लेख बनावट होता आणि काही महिन्यांनी त्याच पत्रानं तसं कबूलही केलं, पण कबुली कोण वाचतो. थर्स्टन १९०५ नंतरच्या जगप्रवासात भारतात आला, जागोजाग दोराची चौकशी केली, त्याला कुणी ती करून दाखवली नाही. पुढे त्यानं यंत्रानं आपली दोराची जादू बसवली. केलरची ‘कर्नाक’ही अशीच भारताच्या नावावर खपवलेली, यंत्र मात्र लंडनच्या वळणाचं. म्हणजे आपल्याकडून त्यांनी नेलं ते मुख्यतः नाव आणि वातावरण. रस्त्यावर आंब्याची कोय लावून झाड दाखवणारे आपले मदारी बिनापेटीचे, चारी बाजूंनी लोक वेढलेले. कारागिरी म्हणून मला ते थर्स्टनपेक्षा अवघड काम वाटतं. तुमचा नायक हे बघून शांतपणे हादरला तर ते खरं वाटेल.

त्याला मुंबईत आणायचं असेल तर वाट सरळ आहे. त्या काळी मॉरिस बँडमन नावाचा व्यवस्थापक पूर्वेकडच्या बंदरांत मंडळ्या फिरवत असे. जहांगीर करका यांच्याबरोबर त्यानंच मुंबईचं रॉयल ऑपेरा हाउस उभारायला घेतलं, १९११ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. बोटीनं यायचं, बंदरातून पेट्या सोडवायच्या, दमट हवेनं फुगलेली लाकडी दारं तासून घ्यायची. (पावसाळ्यात कोकणात प्रयोग केलेल्या कुणालाही विचारा, गुपित दारात अडकतं.) कार्टर अशाच दौऱ्यांत आयुष्यभर फिरला आणि १९३६ मध्ये मुंबईतच वारला. आणि तुम्हाला एखादं मराठी पात्र हवंय असं लिहिलंय, तर ओढूनताणून नको. फाळके आहेत ना. चित्रपट काढण्याआधी दादासाहेब जादूचे प्रयोग करत, आडनाव उलटं करून ‘प्रोफेसर केल्फा’ या नावानं. १९१० च्या सुमारास त्यांचं लक्ष जादूवरून हलत्या चित्रांकडे वळत होतं. तुमच्या नायकाच्या धंद्याला पुढे ज्यानं गिळलं ते यंत्र तेव्हा नुकतं गावोगाव पोचत होतं, आणि ते एका पेटीत मावत होतं.

दुसऱ्या अंकातला तरंगण्याचा प्रवेश रंगमंचावर कसा करायचा तेही तुम्ही विचारलंय. रीत सांगणार नाही. पण प्रेक्षकाला काय दिसायचं, तरंगणाऱ्या बाईभोवती कडी कुठल्या हातानं फिरवायचे, संगीत कुठे थांबायचं हे सगळं सांगेन. तुमचं थिएटर कुठलं आहे आणि बाजूच्या खुर्च्या किती अंशात आहेत तेवढं कळवा.